बिननंबरी काच

गल्लीत तिला सगळे प्रोफेसरीण म्हणत. ती प्रोफेसर नव्हती आणि होण्याची चिन्हंही दिसत नव्हती. पण मुलीचं लग्न लावून दिल्यावर, गुडघे कुरकुरायच्या वयात जी बाई पाठीला पिशवी अडकवून कॉलेजातल्या पोरींबरोबर बसला उभी राहते, तिला लोक दुसरं काय म्हणणार? नाव ठेवलं होतं तिच्या मोठ्या दिरांनी. भाऊजींचं चौकात चष्म्याचं दुकान. लग्न केलं नाही, धाकट्या भावाच्या घरातच मागच्या खोलीत राहायचे. ती घरात शिरली की म्हणायचे, "आली प्रोफेसरीण. आता जपून बोला, नाहीतर पीएचडीत जाल."

तिचा अभ्यास होता माणसाचा विचार कसा चालतो याचा, आणि त्याहून जास्त, तो चालता चालता कुठे रस्ता सोडतो याचा. विभाग म्हणजे सरकारी इस्पितळाच्या मागच्या अंगाला तीन खोल्या. एका खोलीत जुने पलंग रचून ठेवलेले, दुसरीत संगणक, तिसरीत तिच्या मार्गदर्शक मॅडम. मॅडमनी पहिल्या दिवशी तिच्या कानांना हेडफोन लावला आणि एका रुग्णाचं बोलणं ऐकवलं. शांत, घरगुती आवाजातला माणूस सांगत होता, दार उघडं होतं, दार म्हणजे लाकूडच की, लाकूड म्हणजे झाड, झाडाला विचारून कोण आत येतं, म्हणून मी चप्पल घालत नाही. तिला हसू आलं. मॅडम म्हणाल्या, हसून झालं की सांधे मोजा. मग तिने पुन्हा ऐकलं, पुन्हा ऐकलं, आणि तिचं हसू मावळलं. एकेक सांधा नीट बसलेला होता. दाराचा लाकडाशी, लाकडाचा झाडाशी. फक्त सगळे सांधे मिळून जायचं कुठे, हे सांगणारा कुणी आत उरला नव्हता. घरी येऊन ती बराच वेळ दुधाच्या पातेल्यासमोर उभी राहिली. आपण दूध म्हणतो आणि दुधाशीच थांबतो. दुधावरून गाय, गायीवरून गवत, गवतावरून कुठल्या कुठे वाहून जात नाही. हे थांबणं रोज, फुकट, न मागता आपल्याला कोण देतं? एरवी देवासमोर हात जोडताना ती मुलीसाठी, नवऱ्याच्या रक्तदाबासाठी काही ना काही मागायची. त्या संध्याकाळी तिने काही मागितलं नाही. जे होतं त्याचेच आभार मानता मानता तिला पुरे झालं.

विभागात दोन बरण्या होत्या. एकीत लाल मणी पुष्कळ आणि पांढरे थोडे, दुसरीत पांढरे पुष्कळ आणि लाल थोडे. समोरच्याला हे सांगायचं, बरण्या झाकायच्या, आणि एकाच बरणीतून एकेक मणी काढून दाखवायचा. दाखवला की परत आत. खात्री झाली की त्याने सांगायचं, ही कुठली बरणी. चारचौघं पाच-सात मणी तरी मागतात. पण ज्यांच्या मनात एखादा खोटा समज खिळ्यासारखा बसलेला असतो, त्यातले बरेच जण पहिल्या-दुसऱ्या मण्यालाच निकाल देतात. सुतावरून स्वर्ग गाठणं म्हणतात ते इथे मोजता येत होतं. प्रोफेसरिणीला हा प्रयोग इतका आवडला की भाजी निवडतानाही तिच्या डोळ्यांपुढे मणी यायचे.

आणि त्याच सुमाराला घरात भाऊजींचं सुरू झालं.

वरच्या मजल्यावर नवा भाडेकरू आला होता. हिशेबनीस, एकटा, सकाळ-संध्याकाळ घरात. त्याची खुर्ची सरकली की खाली भाऊजींच्या छतात खर्र असा आवाज यायचा. आधी ते वैतागले, मग नुसते ऐकू लागले. एक दिवस जेवता जेवता त्यांनी सांगून टाकलं, अगदी चष्म्याचा नंबर सांगावा तसं. वरचा माणूस त्यांच्या मनातलं ऐकतो आणि खुर्चीने उत्तर देतो. आईची आठवण काढली की खर्र. उद्या दुकान उघडू का, असं मनात आलं की खर्र. नवऱ्याने घास हातात धरून बायकोकडे पाहिलं. ती मूग गिळून बसली, कारण तिला विषय पाठ होता आणि माणूस नवीन झाला होता.

डॉक्टर झाले, गोळ्या आल्या. भाऊजी गोळ्या घेत, पण पाहुण्याच्या घरचा चहा घ्यावा तशा, मान राखायला. डॉक्टर म्हणाले, दुकान चालू आहे, जेवण आहे, झोप आहे, कुणाला त्रास नाही. तोवर घरासारखी जागा नाही. नवऱ्याला ते पटायचंही आणि नाहीही. दादाला तो लहानपणापासून बापाच्या जागी मानत आलेला. बापाच्या जागचा माणूस छताला उत्तरं देताना पाहणं त्याला सोसत नव्हतं. तो उठून बाहेर जायचा.

तिथे प्रोफेसरिणीने ती चूक केली. तिच्यासारख्या शिकणाऱ्या बाईनेच करावी अशी. दोन रिकाम्या बरण्या धुतल्या, मुलीच्या जुन्या माळा तोडून लाल-पांढरे मणी भरले, आणि रविवारी दुपारी भाऊजींना म्हणाली, चला, एक खेळ खेळू. पहिला मणी लाल निघाला. भाऊजी लगेच म्हणाले, "लालवाली." तिने विचारलं, आणखी एखादा पाहायचा का? "कशाला? दिसतंय की." त्याच वेळी वर खुर्ची सरकली. प्रोफेसरिणीच्या तोंडावर काय उमटलं ते तिचं तिला ठाऊक नाही, पण पुस्तकात वाचलेलं घरात सापडल्याचा आनंद असणार, आणि असा आनंद लपत नाही. भाऊजींनी तो पाहिला. हे काय होतं, असं त्यांनी विचारलं. खेळ होता, ती म्हणाली. दोन दिवसांनी पुन्हा विचारलं, तेव्हाही तिने ताकास तूर लागू दिली नाही.

तिसऱ्या दिवशी त्यांनी ताट सरकवलं. "मणी निघाला आणि खुर्ची वाजली. तू त्याच्यातलीच आहेस, प्रोफेसरीण." त्यानंतर ते घरचं अन्न खाईनात. दुकानाच्या वाटेवर पाव घ्यायचे, मागच्या खोलीला आतून कडी. गोळ्या तिच्या हातून यायच्या, म्हणून गोळ्याही बंद. नवऱ्याने आठवडाभर पाहिलं आणि मग चौकशी करून आला. शहराबाहेर एक संस्था होती, लांबच्या मुक्कामाची. पहिल्या तारखेला एक जागा रिकामी होत होती. डॉक्टर म्हणाले, अन्न आणि औषध दोन्ही सुटलं असेल तर मलाही दुसरं सुचवता येणार नाही. नवरा तिला एवढंच म्हणाला की दुकानाला कुलूप लावायचं काम तू कर, माझ्याच्याने होणार नाही. तिला तो रागावला असता तर बरं वाटलं असतं.

मॅडमना तिने सगळं सांगितलं. मॅडम कधी आवाज चढवत नसत, त्या दिवशीही चढवला नाही. परवानगी न घेता माणसाला तपासणं म्हणजे खिडकीतून डोकावणं, त्या म्हणाल्या, आणि तो आधीच म्हणतोय की माझ्याकडे कुणी डोकावतंय. जा, आणि खरं सांगा. वाद मात्र घालू नका. गाठ दोन्ही बाजूंनी ओढली की घट्टच होते.

ती दुकानात गेली तेव्हा आत एक म्हातारी बसली होती. नाकावर तपासणीची जड चौकट, समोर भिंतीवर अक्षरांचा तक्ता. भाऊजी पेटीतून एकेक भिंग काढून चौकटीत सरकवत होते. "हे बरं, की मघाचं बरं?" म्हातारी म्हणायची, हे बरं. पुढचं घातलं, हे आणखी बरं. त्याच्या पुढचं, वा, हे तर छानच. भाऊजींनी घाई केली नाही. पेटीच्या कोपऱ्यातून एक काच काढून घातली. म्हातारी म्हणाली, आता कसं लख्ख दिसतंय, मुला. भाऊजी हसले, ती काच काढून तिच्या हातात दिली. "आजी, ही साधी खिडकीची काच आहे. हिला नंबरच नाही."

म्हातारी खजील झाली. भाऊजी तिला समजावू लागले तसे आवाजातले सगळे काटे गळून पडले. आजी, तुमची चूक नाही. डोळ्याला वाटतं, याने एवढी मेहनत घेतली तर काहीतरी फरक पडलाच असणार, आणि मग तो खरोखरच फरक पाहतो. खोटं बोलत नाही बिचारा. म्हणून मध्ये एक बिननंबरी घालायची. ती घातल्यावरही बरं वाटलं, तर समजायचं की बरं वाटतंय ते काचेमुळे नाही. आणि त्यांनी पहिल्यापासून पुन्हा सुरुवात केली.

प्रोफेसरीण दाराशी खिळून उभी. एका मण्यावर निकाल देणारा माणूस आणि एका म्हातारीच्या डोळ्यासाठी अर्धा तास भिंगं उलटीपालटी करणारा माणूस एकाच सदऱ्यात होता. घराचं एक दालन जळत असावं आणि शेजारच्या दालनात समई जराही न हलता तेवत असावी, तसं. बरण्या घेऊन बसलो तेव्हा आपण एकच दालन पाहिलं, हे तिला कळलं.

म्हातारी गेल्यावर ती स्टुलावर बसली आणि म्हणाली, भाऊजी, तो खेळ नव्हता. मी तुम्हाला न विचारता तपासलं, आणि विचारल्यावर दोनदा खोटं बोलले. वरच्याची आणि माझी ओळखही नाही.

भाऊजी भिंगं पुसत राहिले. "हे तू सांगतेयस, की तुला सांगायला लावलंय?"

"हे मला सिद्ध करता येणार नाही."

त्यांनी मान वर केली. तिने वाद घातला नाही याचं त्यांना नवल वाटलं असावं. आईची शपथ, देवाची शपथ, पोलीस, सगळं ऐकायची त्यांची तयारी असणार. तिने फक्त विचारलं, "त्या खुर्चीला कधी बिननंबरी लावून पाहिलीत?"

भाऊजींनी पेटीचं झाकण लावलं, काढलं, पुन्हा लावलं. ती निघून आली.

दोन दिवस काही नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी ते स्वयंपाकघराच्या दाराशी आले, आत न येता. म्हणाले, विचार केला. बिननंबरी म्हणजे असं छत, जिथे मला ओळखणारं कुणी नाही. तिथे खुर्ची उत्तर देत नसेल, तर वरचा माणूस खरा. आणि तिथेही देत असेल तर... त्यांनी वाक्य सोडून दिलं. तिच्या हातातली पळी तशीच राहिली. हे तिने सुचवलं नव्हतं, मॅडमनीही नाही. ज्या मनाने जाळं विणलं होतं, त्याच मनाने ते तपासायची सुई घडवली होती.

मॅडमनी सावध केलं. असं मन कधी कधी नव्या जागेलाही जाळ्यात ओढतं, मग आगीतून फुफाट्यात. डॉक्टर म्हणाले, करा, पण गोळी सुरू असेल तरच. भाऊजींनी अट मान्य केली, मात्र आपलीही घातली. गोळ्यांचं पाकीट मी स्वतः औषधाच्या दुकानातून आणणार, आणि छतही मीच निवडणार. तुझा विभाग नको, तिथे सगळे तुझे.

महिना संपायला थोडे दिवस होते. दोघं सकाळी एका बसमध्ये बसले. कुठली बस, हे भाऊजींनी थांब्यावर ठरवलं. मध्येच, अगदी दार मिटता मिटता, ते उतरले. तिची धांदल उडाली, पदर दारात अडकता अडकता वाचला. "हे कुणाला आधी कळणं शक्य नाही," ते म्हणाले, आणि तिला ते मान्य करावं लागलं, कारण तिलाही कळलं नव्हतं. थोडं चालल्यावर एक मोफत वाचनालय लागलं. खाली वर्तमानपत्रांची लांब टेबलं, वर शिवणकामाचा वर्ग. जिन्यावरून बायका कापडाच्या पिशव्या घेऊन चढत होत्या.

बसण्याआधी भाऊजी म्हणाले, आधी ठरवू. नाहीतर निकाल लागल्यावर माणूस अट बदलतो. "इथे उत्तर आलं, तर उत्तर खुर्ची देत नाही. मी देतो. हे मी आत्ता बोललो. तू ऐकलंस." तिने ऐकलं म्हटलं. वर्षानुवर्षं संशोधन करणाऱ्यांना शिकवावी लागते ती गोष्ट त्यांनी चपला काढाव्यात तितक्या सहज केली होती.

ते वर्तमानपत्र उघडून बसले, वाचायचं नाटक करत. उत्तर आलं की एक बोट उचलायचं ठरलं होतं. वर वर्ग सुरू झाला, खुर्च्या सरकू लागल्या. पहिलं बोट लगेच वर गेलं. मग दुसरं. ती कागदावर काही लिहीत नव्हती, नुसती पाहत होती. ते मनात काय विचारत होते देव जाणे, पण खर्र झालं की बोट वर जात होतं. ओळखपाळख नसलेल्या बायका शिवणयंत्रापाशी खुर्च्या ओढत होत्या, आणि खाली एका माणसाला त्याच्या आईविषयी उत्तरं मिळत होती.

मग बोटं थांबली. भाऊजींच्या कपाळावर घाम आला होता. त्यांनी पेपर घडी केला, उघडला, पुन्हा घडी केला. तिला ठाऊक होतं पुढचं वाक्य काय असतं. आणि ते आलं.

"इथेही पोचले असतील."

ती गप्प राहिली. आयुष्यात इतकं अवघड गप्प ती कधी राहिली नव्हती. समोर एक म्हातारा कोडं सोडवत होता, त्याच्या पेन्सिलीचा आवाज येत होता. भाऊजींचे ओठ हलत होते, आवाज नव्हता. कितीतरी वेळाने ते म्हणाले, "पण हे मी आधी धरलं नव्हतं. आधी दुसरं बोललो होतो." आणखी थोड्या वेळाने, हात जड वस्तू खाली ठेवावी तसा टेबलावर ठेवून, "शंभर टक्के होतं. आता नव्वद म्हण."

बाहेरच्या कुणाला हे सांगितलं तर तो म्हणेल, नव्वद तर राहिलेच की. पण प्रोफेसरिणीला त्या लांब टेबलाशी उठून उभं राहावंसं वाटलं. कुणी मोठं माणूस आत आल्यावर आपण उभे राहतो तसं. वाकड्या भिंगातून पाहणाऱ्याला जग वाकडं दिसतं, हे तिने शंभरदा वाचलं होतं. त्याच वाकड्या भिंगातून त्याचाच वाकडेपणा पाहणं कसं जमतं, हे कुठल्या पुस्तकात नव्हतं. आपण साधी माणसं, ज्यांची बुद्धी जागेवर आहे असं सगळे धरून चालतात, शेजारणीविषयी एकदा बनलेलं मत दहा टक्के तरी खाली आणतो का कधी? इथे एका माणसाने पायाखालची जमीन स्वतःच्या हाताने खरवडून पाहिली होती, आणि तेवढंच खरवडलं जेवढं हाती लागलं. तिला खूश करायला एक टक्काही जास्त नाही. देवाने मन बनवलं तेव्हा त्याला चुकायची मोकळीक दिली, हे तिला नेहमी खटकायचं. त्याने चूक आतूनच चाचपायची ही एवढीशी बोटंही दिली आहेत, हे तिला त्या दिवशी दिसलं. तिने डोळे मिटले आणि मनातल्या मनात नमस्कार केला. त्याला केला की भाऊजींना, हे तिने ठरवलं नाही.

घरी आल्यावर भाऊजी हात धुऊन पानावर बसले. ती वाढत गेली. पहिला घास घेण्याआधी त्यांनी तो थोडा वेळ हातात धरला, आणि घेतला. नवरा दाराशी उभा होता. कामावरून आलेला, बूटही न काढता. दादा जेवतोय, एवढंच तो पाहत होता.

रात्रीची भांडी व्हायच्या आधी तिने त्याला सगळं सांगितलं, बस, वाचनालय, बोटं. नवरा ऐकून म्हणाला, म्हणजे अजून वाटतंच त्याला. ती म्हणाली, वाटतं. कदाचित पुन्हा शंभरही होईल, गोळ्या चालू राहिल्या तरी. मी लेखी देऊ शकत नाही. पण एवढं सांगते, मी चार वर्षं हेच शिकतेय आणि आज जे पाहिलं ते मला शिकवायला कुणी नव्हतं.

नवऱ्याने हातातले बूट कोपऱ्यात ठेवले. मग उठून फोन लावला. संस्थेच्या माणसाला म्हणाला, ती पहिल्या तारखेची जागा दुसऱ्या कुणाला द्या. पलीकडून काहीतरी विचारलं असावं, कारण तो म्हणाला, नाही, बरं नाही झालेलं. घरी राहतोय.

भाऊजी मागच्या खोलीच्या दारात आले होते. कडी उघडी होती. त्यांनी भावाला स्पष्टच सांगून टाकलं, त्यांची सवयच तशी.

"नव्वद आहे अजून, हं."

"असू दे, दादा," धाकटा म्हणाला. "दहा आमच्यात आलेत ना."

वर खुर्ची सरकली. तिघांनीही छताकडे पाहिलं. भाऊजी म्हणाले, उद्या दुकान लवकर उघडायचंय, आणि दार नुसतं लोटून आत गेले.